एक बोल्ट राहिला

बदनापूरला एका घरी बापाच्या माघारी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुलाने तिचे १०८९ सीसीचे इंजिन उतरवायला घेतले. ब्याटरी सोडली, पाणी-ऑइल काढले, नळ्या, वायरी, सायलेन्सरचा पाईप, माउंटिंग, सगळे सोडले. चेनब्लॉक ओढला तर इंजिन सुटेना, गाडीचे नाकच वर येऊ लागले!

म्हातारा मिस्तरी ओरडला, “थांब बाबा, जोर नको. कुठंतरी धरून बसलंय.” पाहतात तो गिअरबॉक्सचा वरच्या अंगाचा बोल्ट तसाच, हाताला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. तो सुटला, गिअरबॉक्सखाली ठोकळा दिला, आणि इंजिन अलगद पुढे सरकून वर आले.

माळ घातली, वारी धरली, पुष्कळ सोडले म्हणून आम्ही मिरवतो. मला मात्र तिथे धाकट्या भावाचे दार आठवले. बांधावरून तीन वर्षे तिकडे गेलो नव्हतो.