एका दिवसाचा पोशाख, वर्षभराचा शेजार



महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाचे दिवस आले की आपल्या घरांतही लगबग सुरू होते. कुणी आजीच्या पेटीतले नऊवारी लुगडे मागून नेते, कुणी आरशासमोर फेटा बांधायला शिकतो, कुणी शेजारच्या तांड्यावरून बंजारा घागरा-ओढणी उसनी आणते. ‘ट्रॅडिशनल डे’ असतो, लोकनृत्य असते, भारूड असते, एकाच रंगमंचावर पंजाबपासून केरळपर्यंतचा भारत अवतरतो. जळगावच्या विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव तर आपल्या परिसरातील तरुणांचा आवडता सोहळा. तालमीसाठी मुलेमुली रात्र रात्र जागतात.

हे सारे चांगलेच आहे आणि त्याबद्दल आम्हांला आनंद आहे. ज्या देशात माणसे एकमेकांच्या पोशाखावरून आणि अन्नावरून भांडतात, तेथे आपली मुले एकमेकांचे पोशाख हौसेने घालतात, ही लहान गोष्ट नाही. तरीही आज आपण थोडे थांबून एक प्रश्न विचारू या. दुसऱ्याची संस्कृती आपण रंगमंचावर ‘साजरी’ करतो, तेव्हा त्या दुसऱ्या माणसाला आपण खरोखर मान देतो का? की त्याचा पोशाख घेतो आणि त्याला मात्र दाराबाहेर उभे ठेवतो?

आपल्या परिसरापुरता विचार करू. आपले पहूर अजिंठ्याच्या वाटेवरचे गाव. या वाटेने पूर्वीपासून नाना देशींची माणसे आली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या आणि परदेशी अंगरखे घातलेली माणसे रंगवलेली आपण पाहतो, आणि तेथील चित्रांतला सुंदर निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा आहे. आजच्या खानदेशातही एका वर्गात बसणारी मुले किती निरनिराळ्या घरांतून येतात! कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी लेवा गणबोली, तांड्यावर गोरमाटी, सातपुड्यात भिली आणि पावरी, यावल-रावेरकडे तडवी, शिवाय गुजरी, उर्दू आणि हिंदी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते, तर भिली बोलणारे देशभरात एक कोटीहून अधिक. खानदेशी आणि भिली यांपैकी एकाही भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. बंजारा आणि लमाणी बोलणारे तर हिंदीच्याच खात्यात मोजले गेले.

आता असे समजा की एका महाविद्यालयाच्या संघाने लोकनृत्यात सातपुड्यातील होळीचे नृत्य बसवले. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, ढोलाचा घुमणारा ठेका. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पदक मिळाले. संघात मात्र एकही आदिवासी मुलगा नाही. त्याच महाविद्यालयात शिकणारा, वसतिगृहात राहणारा पावरा मुलगा प्रेक्षकांत मागे बसलेला आहे. वर्गात तो बोलायला लागला की मुले त्याच्या उच्चारांना हसतात, म्हणून तो बोलतच नाही. आईचा फोन आला की तो जिन्याखाली जाऊन हळू आवाजात बोलतो, कारण आपली बोली कुणाच्या कानी पडू नये असे त्याला वाटते. रंगमंचावर त्याच्याच गावचा ढोल वाजत असतो. त्याला अभिमान वाटेल की एकटेपणा?

आणि ते नृत्य तरी मुळात काय आहे? सातपुड्याच्या होळीत असा वेष घेऊन नाचणारे बावा आणि बुध्या हे नवस पाळणारे लोक असतात. त्या दिवसांत ते जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात, आहारविहाराचे नियम सांभाळतात. म्हणजे आपण ज्याला पोशाख म्हणतो, ते त्यांचे व्रत आहे. आपण उपवासकाळात राख लावून घेतो, उपवास करतो, क्रूसाच्या वाटेची भक्ती करतो. उद्या कुणी कपाळावरची ती राख केवळ ‘छान दिसते’ म्हणून नाचापुरती लावली तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार केला की हा प्रश्न लगेच जवळचा होतो.

यावर दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर असे की, “अहो फादर, वरवरचे भेद सोडा, शेवटी आपण सगळे एकच ना!” हे उत्तर प्रेमळ वाटते, पण त्यात एक खोच आहे. ‘सगळे एकच’ असे म्हणताना तो ‘एक’ बहुधा आपल्यासारखाच असतो. शहरी मराठी बोलणाऱ्याला कधी आपली भाषा बदलावी लागत नाही. बदलावे लागते ते अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्याला. दुसरे उत्तर याच्या उलट असते: “ज्याची संस्कृती त्याच्यापाशी. त्यांनी त्यांचे नाचावे, आपण आपले.” यात कुणाचा अपमान होत नाही हे खरे, पण कुणाची भेटही होत नाही. शेजारी राहून अनोळखी राहण्याचाच तो मार्ग आहे.

मग योग्य वाट कोणती? कॅनडातील कॅथॉलिक तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९९२ साली याच विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस स्वतःला एकटा घडवत नाही, तो इतरांच्या नजरेत स्वतःला पाहत घडतो. म्हणून एखाद्याला सतत कमी लेखले किंवा पाहूनही न पाहिल्यासारखे केले, तर ती केवळ असभ्यता राहत नाही. त्याच्या मनाला ती खरी इजा असते. परंतु टेलर पुढे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगतात. दुसऱ्याची संस्कृती न जाणताच “फारच थोर हो तुमची संस्कृती!” असे म्हणणे हा मान नव्हे, ती वरून टाकलेली मेहेरबानी आहे. ज्या संस्कृतीने पिढ्यान्‌पिढ्या असंख्य माणसांच्या जगण्याला अर्थ दिला, तिच्यात आपण शिकावे असे काही नक्की असेल, एवढा विश्वास धरून सुरुवात करावी आणि मग खरोखर अभ्यासाला बसावे. आधी विश्वास, मग परिश्रम, आणि मत त्यानंतर.

येथे एक रास्त शंका येते. प्रत्येक रूढी साजरी करण्याजोगी असते काय? अर्थात नसते. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हीदेखील कुणीतरी ‘आमची परंपरा’ म्हणूनच सांगत आले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, तो त्यामुळेच. बालविवाह, हुंडा, मुलीला शाळेतून काढणे, यांना विविधतेचे नाव देऊन सोडून देता येत नाही. पण लक्षात घ्या, दुसऱ्याच्या चालीरीतींवर बोलण्याचा अधिकार त्यालाच येतो, ज्याने त्या जवळून जाणल्या आहेत आणि जो आपल्या घरातील दोषांकडेही तितक्याच कठोरपणे पाहतो. हुंडा किंवा जातिभेद आपल्या ख्रिस्ती घरांत अजिबात शिरलेला नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का? आदर आणि टीका या दोन्ही गोष्टी ओळखीतूनच येतात. ओळख नसेल तर आदर पोकळ राहतो आणि टीका उद्धट होते.

ही ओळख कशी होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी. पुढे १९२४ ते १९३० या काळात ते तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. मुलांच्या खोल्या ते गुपचूप आवरून ठेवत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. १९३० नंतर स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तुरुंगवास घडला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सत्याग्रही भेटले, तेव्हा गुरुजी तमिळ शिकले आणि ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. प्रत्येक प्रांतातील माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांचे साहित्य वाचावे, एकमेकांच्या घरी राहावे, असे त्यांचे स्वप्न होते. पुढच्याच वर्षी ते गेले. पण पाहा, त्यांनी विविधतेची सुरुवात खोली झाडण्यापासून आणि भाषेची मुळाक्षरे गिरवण्यापासून केली. त्यांना रंगमंच लागला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९० साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात आणि जात्यावर लेवा गणबोलीत ओव्या रचत. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा अवघा महाराष्ट्र थक्क झाला. सोपानदेवांनी आईची गाणी जपली म्हणून हे धन हाती लागले. ज्या विद्यापीठाच्या पदवीवर बोलीभाषेत गाणाऱ्या निरक्षर बाईचे नाव आहे, त्याच्याच वर्गात एखाद्या मुलीला “शुद्ध बोल” म्हणून खाली बसवले जात असेल, तर या विसंगतीवर विचार करायला नको का?

आपल्या ख्रिस्ती मुलामुलींना तर या प्रश्नाची दुसरी बाजूही अनुभवाला येते. ‘सांस्कृतिक विविधता’ असा कार्यक्रम ठरला की त्यांना हमखास सांगितले जाते, “तुम्ही ख्रिश्चन ना? मग सूट आणि गाऊन घालून या, केक आणा.” सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्या मुलीची आजी अहिराणीत बोलते आणि घरात भाकरी व ठेचा असतो, तिला आपण आपल्याच गावात पाहुणे आहोत असे वाटू लागते. अशा वेळी रागावण्यापेक्षा आपली ओळख सांगता आली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यावाचून मराठी साहित्याचा इतिहास पुरा होत नाही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हे आपल्या मुलांना ठाऊक नसेल, तर इतरांना कसे ठाऊक होणार? आणि ‘आम्हांला चुकीचे ओळखले’ हे दुःख ज्याने अनुभवले, त्याने दुसऱ्याला चुकीचे ओळखताना अधिक जपावे, नाही का?

पेंटेकॉस्टचा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. पवित्र आत्मा उतरला तेव्हा जमलेल्या सर्वांना एकच भाषा येऊ लागली, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले नाही. प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले, असे लिहिले आहे. म्हणजे ऐकणाऱ्याने आपली भाषा टाकून येण्याची अट देवाने घातली नाही. बोलणारेच त्यांच्या भाषेपर्यंत गेले. ऐक्याची ही रीत आपण घरात, वर्गात आणि वसतिगृहात वापरू शकतो.

म्हणून यंदा महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे तीन साधे सांगणे आहे. पहिले, ज्यांचे नृत्य बसवाल त्यांच्यापैकी कुणालातरी आधी विचारा. ते शिकवायला येतील का, संघात नाचतील का, त्यातले काय रंगमंचावर आणू नये, हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. आणि ते ‘नको’ म्हणाले तर ते ऐका. दुसरे, वर्षभरात एका तरी मित्राची घरची बोली थोडीफार शिका आणि त्याच्या घरी एकदा जेवायला जा. तिसरे, कुणाच्या उच्चाराला वर्गात हसू फुटले, तर तुम्ही हसू नका. हे तिसरे काम सर्वांत अवघड, कारण त्यासाठी पदक मिळत नाही आणि फोटोही निघत नाही.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी वेगळ्या समाजातला मित्र घरी घेऊन आली, तर चहा देण्याआधी त्याचे आडनाव आणि जात विचारू नका. त्याच्या गावाबद्दल विचारा, त्याच्या घरी कोणता सण मोठा असतो ते विचारा, आणि त्याने सांगितले की मन लावून ऐका. त्या पावरा मुलाला कधीतरी आपल्या अंगणात उभे राहून, आवाज न दबवता आईशी फोनवर बोलता आले, तर आपल्या धर्मग्रामात त्या वर्षीचे स्नेहसंमेलन खऱ्या अर्थाने पार पडले असे आम्ही समजू.

आपले पालक-धर्मगुरू