माळकरी माणूस देवळाच्या आड

आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसवर मारुतीचं मंदिर बांधायचं ठरलं आणि निवेदनावर पहिली सही मी केली. मंदिराच्या विरोधात. गळ्यात तुळशीची माळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी. वर्गणी मागायला आलेली पोरं माझेच विद्यार्थी. एकानं तोंडावर विचारलं, ''सर, तुम्हीसुद्धा?''

लातूरला नवा लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नकाशावर ती हिरवी असते. पुढचा क्रम ठरलेला आहे: आधी झेंडा, मग ओटा, मग पत्र्याचं शेड, शेवटी निधीतलं सभागृह. नांदेडला लेकीकडं गेलो तरी हेच दिसतं. सार्वजनिक उद्यानांत, रस्त्यांवर कुठल्याही धर्माचं नवं बेकायदा बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९चा आदेश आहे. तो आम्ही निवेदनाला जोडला. पण कोर्टाच्या कागदानं देवाचा प्रश्न सुटत नाही. देवाला जास्त जवळचं काय, गाभारा की गोट्या, हे कोर्ट कशाला सांगेल?

मैदान वाचवायला निघालेल्या आमच्याच लोकांची बोलणी मला पटत नव्हती. कुणी म्हणे, पोलीस भरतीची तयारी कुठं करायची? कुणी म्हणे, मोबाइलमुळं लेकरांना चष्मे लागले. एका आजोबांनी १९९३ काढलं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. पुढं कितीतरी दिवस लातूरकर उघड्यावर झोपत होते. मोकळी जागाच नसती तर कुठं गेले असते? सभेत सगळ्यात जास्त माना या बोलण्यावर डोलल्या. खरंच आहे ते. पण अशानं मैदानाला आधी कामाला लावावं लागतं आणि मग ते वाचतं. उद्या भरतीसाठी अकॅडमी निघाली, भूकंपासाठी निवारा बांधला, की मैदानाचं काम संपलं. ज्या गावात अकरावीचं पोर पहाटे क्लासला जातं आणि रात्री अभ्यासिकेतून परततं, तिथं लेकराचा एक तास तरी बिनकामाचा असावा, एवढंच माझं मागणं होतं.

आणि ते मला शास्त्रातून मागता येतं. ब्रह्मसूत्रांत एक अवघड शंका आहे: ईश्वराला कसलीच उणीव नाही, मग त्यानं जग का केलं? गरजेपोटी म्हणावं तर तो अपुरा ठरतो. उत्तर दिलंय ते लीलेचं. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य दोन दाखले देतात. एक, सगळं काही मिळालेल्या राजाच्या क्रीडेचा. दुसरा, आपसूक चालणाऱ्या श्वासाचा. एवढा कडक संन्यासी, पण विश्वाचं कारण सांगताना त्याला खेळ आठवला. महानुभावांनी तर चक्रधरस्वामींच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाला लीळाच म्हटलं. त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपुरात लेकरांत रमायचे. लोकांना ते वेडे वाटत. वारीत रिंगण झालं की सत्तरीचे म्हातारेही फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात. तेव्हा कुणी विचारत नाही की यातून काय मिळालं. आणि मारुतीचं म्हणाल, तर जन्मल्या जन्मल्या सूर्याकडं झेपावणारं ते पोर. त्याला विचारलं असतं तर चौथऱ्याआधी त्यानं मैदानच मागितलं असतं.

हे सगळं मी मंदिर बांधायला निघालेल्या मंडळाच्या अध्यक्षाला ऐकवलं. तो हसून म्हणाला, ''सर, देव सगळीकडं आहे म्हणता, तर मग मंदिरात काय बिघडलं?'' मी म्हणालो, बिघडलं काहीच नाही. पण गाभारा झाला की कुंपण येतं, कुंपणाला कुलूप येतं, आणि ''चेंडू आत आला तर परत मिळणार नाही'' अशी पाटी लागते. पाटीचं ऐकून तो जरा गप्प झाला.

गप्प झाली नाही ती आमची सौ. निवेदन घेऊन मी घरात आलो तेव्हा ती म्हणाली, ''गड्यांना पारावर बसता येतं, लेकरांना मैदान आहे. आम्ही बायकांनी जायचं कुठं?'' मैदानाच्या कडेला झाडाखाली दोन बाकडी टाकायला सांगू, असं मी म्हणालो. ''बाकड्यावर बाई एकटी बसली की येणारा-जाणारा विचारतो, काय झालं, कुणाची वाट बघताय? देवळात तासभर बसलं तरी कुणी विचारत नाही.''

म्हणजे बिनकामाचा तास तिलाही हवा होता, आणि तो तिला आजवर देवळानंच दिलेला. यावर ब्रह्मसूत्रांत मला काही सापडलं नाही. तिनं सही केली. पण निवेदनात बाकड्यांचं कलम मी घातलं होतं, ते खोडायला लावलं. महापालिकेनं दिलेल्या बाकड्यांवर शेवटी गडीच पेपर वाचत बसतात, म्हणाली.