चौकशी चालू आहे

पोलीसचौकीबद्दल मध्यमवर्गीय माणसाला जे वाटतं, ते साधारण दाताच्या दवाखान्याबद्दल वाटतं तसंच असतं. जायला हवं हे मान्य, पण आज नको! त्यामुळे कचेरीत काही बेकायदा घडलं की आपण आधी काय करतो? समिती नेमतो.

समितीत तीन माणसं असतात. एक साहेबांच्या मर्जीतला, एक निवृत्तीला टेकलेला आणि एक अक्षर चांगलं म्हणून घेतलेला. तिघांपैकी कुणी जन्मात घरच्या उंदराचाही माग काढलेला नसतो. पण चहा-बिस्किटं आली की तिघांच्याही अंगात फौजदार संचारतो.

मी तेहेतीस वर्षं एका कचेरीत खर्डेघाशी केली. तेवढ्या काळात एक नियम ध्यानात आला. शिपायानं टपालाच्या तिकिटांचे चाळीस रुपये खाल्ले, तर तासाभरात हवालदार दारात. अधिकाऱ्यानं खरेदीत चाळीस हजार खाल्ले, तर ती 'अंतर्गत बाब'. मग चौकशी, मग प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा आणि वर हार-नारळ. थोडक्यात, पोलिसांना बोलवायचं की नाही हे खुर्ची बघून ठरतं.

आता, चौकशी मुळातच वाईट असं माझं म्हणणं नाही. खातेनिहाय चौकशीला कायद्यात जागा आहे. तिथं गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढं पुरतं. कारण प्रश्न इतकाच असतो की, हा गृहस्थ या खुर्चीवर बसायला लायक आहे का? त्याला तुरुंगात धाडायचं का, हा प्रश्न कोर्टाचा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगून ठेवलंय. पंचाईत होते ती कचेरी दुसऱ्याही प्रश्नाचा निकाल लावायला बसते तेव्हा. कचेरी काही तिऱ्हाईत नसते. तिला स्वतःचं नाव सांभाळायचं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबानं ती बहुधा मूठ झाकते. पण कधीकधी उलटंही करते, आणि ते जास्त भयंकर.

विलायतेतल्या पोस्टाचंच बघा. तिथं १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकी हिशेबपद्धत आली आणि करारावर पोस्ट चालवणाऱ्या गावोगावच्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. पोस्टाकडे स्वतःचे तपासनीस होते, स्वतःचे वकील होते आणि तिथल्या कायद्यानं स्वतः खटला भरायची मुभा होती. म्हणजे फिर्यादीही मीच आणि फौजदारही मीच! २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली, त्यातली सुमारे सातशे पोस्टानंच भरलेल्या खटल्यांत. सरे परगण्यातली भारतीय वंशाची एक बाई २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेली. 'बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?' असं अनेकांना ऐकवलं गेलं. यंत्रणेतच दोष होते आणि त्यांच्यामुळे खोटी तूट दिसू शकत होती, हे तिथल्या हायकोर्टानं २०१९ साली सांगितलं. शेवटी २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं संन्यासी शेकड्यांनी होते.

"पण पोलीस तरी कुठं धुतल्या तांदळासारखे आहेत हो?" आमचे शेजारी विचारतात. नसतील. पण पकडलेल्या माणसाला त्यांना चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. त्याला वकील मिळतो. समितीपुढं फार तर गार चहा मिळतो. याच शेजाऱ्यांची अंगठी हरवली, तेव्हा त्यांनी घरातच कोर्ट भरवून कामवाल्या बाईंची पिशवी तपासली होती. अंगठी चार दिवसांनी कणकेच्या डब्यात सापडली. बाईंना त्याआधीच नारळ मिळाला होता. हार नव्हता.

काही ठिकाणी कायद्यानं साहेबांची ही चिंता परस्पर मिटवलीय. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला कैद होऊ शकते. कामाच्या जागी बाईचा लैंगिक छळ झाला, तर २०१३ च्या कायद्यानं समिती दिलीय खरी, पण तिला पोलिसांत जायचं असेल तर मालकानं तिला मदत करायची, असंही बजावलंय. जायचं की नाही हे तिनं ठरवायचं, साहेबांनी नव्हे.

उरलेल्या प्रकरणांसाठी माझा एक घरगुती तोडगा आहे. शिपायासाठी जो फोन उचलला असता, तोच अधिकाऱ्यासाठी उचलावा. आणि अधिकाऱ्याचं म्हणणं जितक्या शांतपणे ऐकलं असतं, तितक्याच शांतपणे शिपायाचं ऐकावं. एवढं जमलं तर समितीला फारसं काम उरणार नाही. चहा-बिस्किटांचा खर्चही वाचेल.