ओला कापूस व खरें माप

जळगांव व धुळें या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घरीं येतो आणि त्याबरोबर एक मोहही येतो. विकण्यापूर्वीं त्यावर पाणी शिंपडलें कीं वजन वाढतें. "व्यापारी काटा मारतो, मग आम्हीं कां नाहीं?" असें म्हणून आपण मनाची समजूत घालतों. परंतु ओला कापूस गंजींत तापतो, पिवळा पडतो, त्याचा धागा कमजोर होतो. आणि अशानें शेजाऱ्याच्या कोरड्या कापसाचाही भाव उतरतो.

लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत, १८ व्या वचनीं, शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आहे; त्याच अध्यायांत, ३५ व ३६ या वचनीं, खऱ्या तराजूची व मापाची आज्ञा आहे. दोन्ही एकाच देवाच्या होत. पहिली रविवारीं ऐकावी व दुसरी बाजारच्या दिवशीं विसरावी, हें कसें चालेल? जक्कयाचा पश्चात्ताप तर चौपट परतफेडीच्या निश्चयांत दिसून आला.

यास्तव यंदा आपण कोरडाच कापूस गाडींत भरूं या. चार पैसे कमी मिळतील खरे. पण उपकारस्तुतीच्या दिवशीं आपण देवापुढें ठेवूं तें दान पाण्याच्या पैशाचें नसेल.