खडकाला दिलेले पांघरूण



कॅनडात कॅलगरीच्या दक्षिणेला, ओकोटोक्स गावाजवळच्या माळावर एक प्रचंड खडक आहे. लांबी ४१ मीटर, उंची ९ मीटर, वजन सुमारे १६,५०० टन. हिमयुगात रॉकी पर्वतात जॅस्परच्या बाजूला दरड कोसळली आणि हा खडक हिमनदीच्या पाठीवर पडला. बर्फाने त्याला शेकडो किलोमीटर वाहून आणले. पुढे बर्फ वितळले, खडक राहिला. पाठीवर बसून आल्यामुळे त्याच्या कडा घासल्या गेल्या नाहीत. गिर्यारोहकांना त्याचा मोह पडतो. मात्र त्यावर चढू नये, अशी तिथे विनंती केली जाते. त्यावर जुनी रंगचित्रे आहेत आणि ब्लॅकफूट आदिवासींना तो पवित्र आहे. आपल्या वेदीवर कुणी चढलेले आपल्याला तरी चालेल का?

ब्लॅकफूट लोक त्याची एक कथा सांगतात. उन्हाने दमलेला नापी या खडकावर विसावला आणि खूश होऊन आपले पांघरूण त्याला देऊन टाकले. थोड्या वेळाने पाऊस आला, गारठा पडला. नापीने पांघरूण परत मागितले. खडक देईना, तेव्हा त्याने ते ओढून घेतले. मग खडक गडगडत त्याच्या मागे लागला! अडवायला आलेल्या प्राण्यांचे काही चालेना. शेवटी वटवाघळांनी धडका देऊन त्याचे दोन तुकडे केले. ती फट आजही दिसते.

दिलेले परत घेऊ नये, एवढाच बोध काढून आपण मोकळे होतो. पण नापीला खरोखरच थंडी वाजत होती. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर सावकाराला बजावतो, की गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस तरी सूर्य मावळण्यापूर्वी परत कर, नाहीतर तो काय पांघरून झोपेल? म्हणजे देणाऱ्याला जसा धर्म आहे, तसा घेऊन बसलेल्यालाही आहे. खडकाला थंडी कळत नाही, हे ठीक, आपल्याला कळते.

आपल्याकडे बरे चालले असताना भाऊ भावाला वाडीतून वाट देतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की तिथे कुंपण पडते. वाट मिळालेला म्हणतो, हा माझा हक्क. देणारा म्हणतो, माझी जमीन. थंडी कुणाला वाजते, हे कुणीच विचारत नाही, आणि घराचे मात्र दोन तुकडे होतात. दोघेही रविवारी मिस्साला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

अशी वाट कुणाची बंद असेल, तर या आठवड्यात संध्याकाळी मला येऊन भेटा. आधी एकटे आलात तरी चालेल.

आपला,
फादर