पगारातून कापले जाणारे दोनशे रुपये

फेब्रुवारीची पगाराची स्लिप कधी नीट पाहिली आहे? महाराष्ट्रात एरवी दर महिन्याला ‘पीटी’च्या नावाखाली २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. हा व्यवसाय कर. सरकारी सेवांसाठी लोकांनी जास्त कर द्यावा का, हा वाद ऐकला की मला हे दोनशे रुपये आठवतात.

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायच्या कामावर होती. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. खेड्यातल्या कुणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारने ते द्यायचंच. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. जोडीला मोटार वाहनांवर जादा कर आणि बागायती जमिनीवर विशेष आकारणी. यातून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. थोडक्यात, पगारदार, गाडीवाला आणि पाण्याखालची शेती असलेला, यांनी कोरडवाहू गावातल्या मजुराच्या मजुरीसाठी पैसे द्यायचे. १९७७च्या कायद्याने काम मिळणं हा हक्क झाला. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ इथेच आहे.

आज कर वाढवायचं नुसतं नाव काढलं, तरी उत्तर येतं, ‘आधी सेवा सुधारा, मग कर मागा.’ राग खोटा नाही. पण हे म्हणणारे आपण बहुतेक जण त्या सेवांमधून कधीच बाहेर पडलो आहोत. मुलं खासगी शाळेत, आजारपणासाठी मेडिक्लेम, पाण्यासाठी सोसायटीचा टँकर. हे पैसेही आपण भरतोच, फक्त पावती वेगळ्या नावाने येते. आणि ज्यांचं म्हणणं साहेब ऐकून घेतो, तेच निघून गेले की मागे उरतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही ते. मग सेवा सुधारा म्हणून सांगणार कोण?

‘आमच्या टॅक्सवर बाकीचे जगतात’ हेही खरं नाही. मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. ३०० रुपयांच्या रिचार्जमधले साधारण ४५ रुपये सरकारकडे जातात, मग रिचार्ज आयटीवाल्याचा असो की बिगाऱ्याचा.

तेव्हा प्रश्न कर द्यावा की नाही हा नसून कुणी किती द्यावा, हा आहे. महिन्याला ११ हजार कमावणारा वॉचमन वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर देतो, म्हणजे शंभरातले जवळपास एक रुपया नव्वद पैसे. दोन लाख पगारवालाही तेवढेच २,५०० देतो. त्याचे पडतात शंभरात दहा पैसे. ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच आहे आणि १९८८पासून ती बदललेली नाही. दुसरीकडे, नव्या करप्रणालीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. म्हणजे महिन्याला लाखभर कमावणाऱ्या कित्येकांच्या पगारातून थेट कापला जाणारा कर उरला तो हाच, दोनशे रुपयांचा. माझ्या मते हे न्याय्य नाही. वॉचमनचा कर कमी व्हावा आणि ज्यांना परवडतं त्यांनी जास्त द्यावा.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. रोजगार हमीसाठी गोळा झालेला पैसा वेळोवेळी खर्चाविना पडून राहिला. कर राखून ठेवला, कायदा केला, तरीही. कारण मला साधं दिसतं. कर आपोआप कापला जातो, काम मात्र मागावं लागतं. अर्ज करा, पोच घ्या, पंधरा दिवस वाट पाहा, नाही मिळालं तर बेकारी भत्त्यासाठी पुन्हा खेटे घाला. घेताना यंत्रणा चोख आणि देताना ढिली. ज्याच्या पगारातून पैसे गेले, त्याने ते पोचले का हे विचारलं नाही. ज्याला मिळायला हवे होते, त्याच्या विचारण्याला वजन नव्हतं.

म्हणून करदात्याची जबाबदारी पैसे देऊन संपते, असं मी मानत नाही. उद्या माझा व्यवसाय कर २०० ऐवजी ५०० झाला, तर मी तो देईन. मात्र त्या वाढीव ३०० रुपयांच्या बदल्यात एखादा हक्क कायद्यात लिहिलेला हवा. उदाहरणार्थ, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता डॉक्टर हजर असण्याचा. तो डॉक्टर माझ्यासाठी नसेल, मी खासगीत जाईन कदाचित. तरीही तो हजर आहे का, हे विचारत राहणं माझं काम आहे. पैसे माझे आहेत, आणि त्या रात्री तिथे आलेल्या माणसाला भांडायला वेळ नसणार.