घरची शाळा आणि उघडं दार



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या ३४व्या श्लोकावर. बऱ्याच जणांना तो पाठ असेल. ज्ञान कसं मिळवायचं हे भगवंत अर्जुनाला सांगतात आणि त्यासाठी तीन गोष्टी मागतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे वाकायला शीक, पुन्हा पुन्हा विचार, आणि हात कामाला लाव. मग तत्त्व जाणणारे तुला शिकवतील. ज्ञानेश्वरीत माउली इथे एक सुंदर रूपक करतात. संत हे ज्ञानाचं घर आणि सेवा हे त्या घराचं दार.

या श्लोकात जागेचं नाव कुठेच नाही. गुरुकुल म्हटलेलं नाही, पाठशाळा म्हटलेलं नाही. खुद्द हा उपदेश चाललाय तो दोन सैन्यांच्या मधे उभ्या असलेल्या रथात. तेव्हा मुलांनी कुठे शिकावं, या प्रश्नाचं सरळ उत्तर इथे मिळणार नाही. पण नेमका तोच प्रश्न गेले काही दिवस माझ्या डोक्यात आहे, आणि तो आलाय वलगावहून.

माझी मावसबहीण लग्न होऊन वलगावला गेली. तिला तीन मुलं. मोठी दहा वर्षांची, मधला सात, धाकटी चार. ताई स्वतः शिकलेली आहे, बी.एड. झालेली. तिच्या मनात आहे की येत्या जूनपासून तिघांनाही घरीच शिकवायचं. हरिपाठ, गीतेचे अध्याय, गणित, मराठी, इंग्रजी, सगळं घरी. मुलं दमून येतात, मग ट्यूशन, मग मोबाईल. संध्याकाळी देवापुढे बसायला कुणाच्या डोळ्यांत जागेपण उरत नाही, हे तिचं म्हणणं. सासऱ्यांना मात्र हे पटत नाही. ते म्हणाले, "बाबाच्या गावात राहून पोट्ट्यायले शाळेतून काहून काढून राह्यली?" आणि ताईने मला फोनवर विचारलं, "तू रोज गीतेवर लिहितं ना, मंग सांग, हे पाप हाय काय?"

पुण्या-मुंबईत, बंगळुरात राहणारे तुमच्यातलेही काही जण हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. होमस्कूलिंग करावं का? बाहेरच्या वातावरणापासून मुलांना जपावं का? म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी सासऱ्यांचं ऐकू. बाबा म्हणजे गाडगेबाबा. अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगावजवळ पेढी नदी लागते. तिथेच २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी देह ठेवला. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि हाच माणूस आयुष्यभर गावोगाव सांगत फिरला की जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोरांना शिकवल्याशिवाय राहू नका. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

बाबांना शाळेची एवढी ओढ का होती? कारण घरी शिकणं म्हणजे काय, हे त्यांनी जगून पाहिलं होतं. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे बहुतेक मुलं घरीच तर शिकत होती! परिटाचा मुलगा घाटावर कपडे धुवायला शिकायचा, कुणब्याचा मुलगा वखर धरायला. त्या शिक्षणात कसब होतं, प्रेमही होतं. पण घरात जेवढं होतं तेवढंच मुलाला मिळायचं. घरात अक्षर नसेल तर मुलाला अक्षर नाही. घरात कर्ज असेल तर मुलाला कर्ज, आणि सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचण्याची सोय नाही. बाबांच्या लेखी शाळा म्हणजे त्या घरातून बाहेर पडायची वाट होती. सासऱ्यांचा राग तिथून येतो, आणि तो खोटा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्यांच्यासमोर "आम्ही मुलांना शाळेत घालत नाही" असं म्हणताना जरा थांबायलाच हवं.

आता दुसरी बाजू. मराठी माणसाला घरच्या शाळेचं सगळ्यात मोठं उदाहरण शोधायला दूर जावं लागत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. परंपरेने मानलेली जन्मसालं १२७३, १२७५, १२७७ आणि १२७९. दोन-दोन वर्षांच्या अंतराने झालेली चार भावंडं, संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, पुढे आईवडिलांविना राहिलेली. मोठा भाऊ धाकट्याचा गुरू झाला. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. वेगवेगळ्या वयाची मुलं एका घरात एकमेकांकडून किती शिकू शकतात, याला आणखी कुठला दाखला हवा?

पण हा दाखला देताना आपण दोन गोष्टी विसरतो.

पहिली म्हणजे, त्या घरात ज्ञान बाहेरून आलं होतं. निवृत्तीनाथांना त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. म्हणजे जो घरात शिकवत होता, त्याला स्वतःला घराबाहेरचा गुरू होता. आणि जे आलं ते घरात साठून राहिलं नाही, मराठीत सगळ्यांसाठी वाहिलं. त्या मुलांसाठी दार बाहेरून बंद केलं होतं. त्यांनी आतून कधी कडी लावली नाही.

दुसरी गोष्ट मुक्ताईची. लोकांच्या वागण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा कोण आलं? सगळ्यात धाकटी. तिने भावाला समजावलं आणि दार उघडायला लावलं. ताटीचे अभंग ते हेच. म्हणजे या घरच्या शाळेत शिकवण्याचा हक्क वयाने ठरत नव्हता. प्रणिपात नेहमी धाकट्यानेच मोठ्यापुढे करायचा, असं तिथे नव्हतं.

आणखी एक उदाहरण आपल्या वऱ्हाडातलंच. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१. वर्षाचे व्हायच्या आत त्यांची दृष्टी गेली. नेहमीची शाळा त्यांच्यासाठी नव्हतीच. मग शिकले कसे? लोकांकडून ग्रंथ वाचून घेऊन, ऐकून, प्रश्न करून. १९१५ मध्ये, ३४व्या वर्षी गेले, तोवर शंभराहून अधिक ग्रंथ त्यांनी सांगून लिहवून घेतले होते. घरी शिकलेला हा मुलगा एकट्याने शिकला नाही. वाचून दाखवणारे किती आवाज त्याच्या शिक्षणात आहेत!

मला वाटतं, मुद्दा इथे आहे. घर की शाळा, हा खरा प्रश्न नाही. दार उघडं आहे की बंद, हे बघायचं. आणि ते तपासायला आजच्या श्लोकातले तीन शब्द पुरेसे आहेत.

परिप्रश्न आधी घेऊ. मुलाला घरी का ठेवायचंय? त्याला जास्त विचारता यावं म्हणून, की त्याला कुणी वेगळं विचारू नये म्हणून? वर्गात शेजारी बसणारं पोर वेगळ्या घरचं असतं, वेगळा देव मानतं, किंवा देव मानतच नाही. ते डबा उघडताना विचारतं, तुम्ही हे का खात नाही? हा प्रश्न कधीच कानावर पडू नये यासाठी घर निवडलं असेल तर ती राखण झाली, शिक्षण नाही झालं. आपण भक्त मंडळी या ठिकाणी विशेष सांभाळायला हवं. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. देवाच्या नावाने कोंबडं-बकरं कापण्याबद्दलही विचारायचे. आणि गीतेत अर्जुन तर शेवटपर्यंत विचारतो. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत काय म्हणतात? यावर नीट विचार कर आणि मग तुला हवं ते कर. प्रत्यक्ष भगवंत शिष्याला मोकळं सोडतो, मग आपण आईबाप कोण?

सेवा. घरी वेगवेगळ्या वयाची मुलं शिकवताना एक सोय आपोआप होते. एकच काम तिघांना तीन धडे देतं. तुरीची डाळ निवडायची असेल तर चार वर्षांची खडे वेगळे काढते, सात वर्षांचा वाट्या मोजतो, दहा वर्षांची वजन करून भावाने गुणते. खेड्यापाड्यांतल्या दोन-शिक्षकी शाळांमध्येही एका खोलीत दोन-तीन वर्ग असेच सांभाळतात. पण यात एक खड्डा आहे. आई स्वयंपाकात अडकली की धाकट्यांना कोण बघणार? मोठी. बाराखडी कोण घेणार? मोठी. आणि ती मोठी बहुतेक वेळा मुलगी असते. आपण तिला शाबासकी देतो, "किती गुणाची!", आणि तिचं स्वतःचं शिकणं हळूहळू मागे पडतं. धाकट्याला शिकवल्याने मोठ्याचं पक्कं होतं, हे खरंच. पण रोज अर्धा तास शिकवणं वेगळं आणि दिवसभराची बिनपगारी मास्तरीण होणं वेगळं. सेवा हे ज्ञानाच्या घराचं दार आहे असं माउली म्हणतात. मोठीला आपण त्या दारातच उभं करून ठेवायचं का? निवृत्तीला गहिनीनाथ होते. तुमच्या मोठीला कोण आहे?

शेवटी प्रणिपात. गाडगेबाबा कुणाला पायावर डोकं ठेवू देत नसत. ज्याला सगळे वाकायला तयार, तो वाकू देत नाही! घरी शिकवणाऱ्या आईबापाकडे सगळी सत्ता एकवटते. आई तीच, बाई तीच, परीक्षकही तीच. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन रडतं. घरातल्या बाई रागावल्या तर ते कुठे जाणार? म्हणून इथे प्रणिपात आधी आईबापाने करायचा. "हे मला येत नाही, चल, ज्याला येतं त्याच्याकडे जाऊ," एवढं म्हणता आलं पाहिजे. मग तो माणूस शेजारचा इलेक्ट्रिशियन असेल, ग्रंथालयातले काका असतील, किंवा दुसऱ्या धर्माचे सर असतील.

व्यवहाराचंही दोन शब्दांत सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, आणि घरी शिकवण्यासाठी स्वतंत्र तरतूद त्यात नाही. तेव्हा हे हलक्यात घेण्यासारखं नाही. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत, आणि १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. घरी शिकवणाऱ्याने ही वाट पहिल्या दिवसापासून माहीत करून ठेवावी. उद्या मुलाला इंजिनिअर व्हायचं असेल, नर्स व्हायचं असेल, तर आपल्या भक्तीपायी त्याचा रस्ता अडू नये.

तर ताई, माझं उत्तर असं. पाप नाही. पण सासऱ्यांचा प्रश्न डावलून हे सुरू करू नकोस, कारण त्यांच्या तोंडून बाबाच विचारतायत. मोठीला बसवून विचार, तिला काय हवंय. दहा वर्षांच्या मुलीला मत असतं. तिला मैत्रिणी हव्या असतील तर तिला शाळेत जाऊ दे आणि हरिपाठ संध्याकाळी पंधरा मिनिटांचाच होऊ दे, देवाला चालतं. घरी ठेवलंस तर आठवड्यातले काही तास तरी तिघांना घराबाहेरचं कुणीतरी शिकवणारं असू दे, आणि गल्लीतल्या ज्या पोराला घरी शिकवायला कुणी नाही, त्यालाही तुझ्या ओसरीवर बसव. तू बी.एड. आहेस, हे ज्ञान फक्त तीन पोरांपुरतं कशाला? तसं झालं तर सासरेही सतरंजी घालायला येतील, बघ.

आणि ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनी सुटलो म्हणू नये. फी भरली म्हणजे परिप्रश्न संपला, असं गीतेत कुठे नाही.

आजचा संकल्प: घरातल्या, नाहीतर शेजारच्या एका लहान मुलाला आज म्हणा, "मला येणार नाही असा एक प्रश्न विचार." उत्तर गुगलवर शोधू नका. ज्याला ते येतं त्या माणसाकडे मुलाचं बोट धरून जा आणि दोघं मिळून विचारा.

राम कृष्ण हरी!